रॅमच्या वेष्टनावर छापलेला वेग चालू करणे सुरक्षित आहे का?

अनिमिष (धागाकर्ता)

डीडीआर5-6000 (6000 हा तिचा वेग) असे ठळक छापलेली रॅम संगणकात बसवली, तरी बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये, ती बहुधा 4800 वर चालताना दिसते. छापलेला वेग हवा असेल तर एक्सएमपी हे इंटेलचे किंवा एक्स्पो हे एएमडीचे प्रोफाइल (वेग व व्होल्टेज यांचा तयार संच) स्वतः चालू करावे लागते, आणि ते करू नये असा सल्ला अनेक जाणकार देतात. मला तो सल्ला पटत नाही. उत्पादकाने ती रॅम त्याच वेगाला तपासून विकलेली असते, त्या वेगाचेच पैसे आपण मोजलेले असतात आणि व्होल्टेज 1.1 वरून साधारण 1.35 वर जाते, एवढाच काय तो फरक. विरोधी मत असणाऱ्यांनी कृपया कारणांसह लिहावे.

अर्धविराम

उत्पादकाने तपासली ती रॅम. आपला प्रोसेसर त्याने तपासलेला नाही. रॅमशी देवाणघेवाण करणारा मेमरी कंट्रोलर हा प्रोसेसरच्या आत असतो, आणि रायझन 7000 मालिकेच्या प्रोसेसरांसाठी एएमडीने अधिकृतपणे सांगितलेली मर्यादा रॅमच्या दोन पट्ट्यांसह 5200, तर चार पट्ट्यांसह अवघी 3600 आहे. म्हणजे 6000 चे प्रोफाइल चालू करताना आपण रॅमला तिच्या ठरलेल्या वेगावर नेत असलो, तरी प्रोसेसरला त्याच्या मर्यादेपलीकडे ढकलत असतो. याला इंटेल आणि एएमडी या दोन्ही कंपन्या ओव्हरक्लॉकिंगच (मर्यादेपेक्षा जास्त वेगाने चालवणे) समजतात आणि त्यामुळे वॉरंटी जाऊ शकते, असेही सांगतात. वेष्टनावर मात्र हे ठळक अक्षरांत कुठेच नसते.

अनिमिष

वॉरंटीचा मुद्दा कागदावर बरोबर आहे. पण 6400 पर्यंतचे वेग जेडेक या मेमरीची मानके ठरवणाऱ्या संस्थेच्या 2020 सालच्या मूळ डीडीआर5 मानकातच होते, तेव्हा 6000 हा आकडा मुळात मानकाबाहेरचा नाही. प्रोफाइलमध्ये मानकापलीकडचे असते ते घट्ट टायमिंग (रॅमने प्रतिसाद द्यायला लागणारा कमी वेळ) आणि वाढीव व्होल्टेज, आणि त्यासाठी चिपा निवडून घेतलेल्या असतात.

काठावरचा

2023 च्या एप्रिलमधल्या घटना आपण विसरलात का? रायझन 7000 एक्सथ्रीडी (जास्त कॅशे, म्हणजे आतली वेगवान मेमरी, असलेले) प्रोसेसर जळाल्याची छायाचित्रे तेव्हा सर्वत्र फिरत होती. एक्स्पो चालू केल्यावर काही मदरबोर्ड एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलरच्या भागाला मिळणारे) आपोआप अवाजवी वाढवत होते, आणि पुढे बायोस अद्यतनांद्वारे त्यावर 1.3 व्होल्टची मर्यादा घालावी लागली. प्रोफाइलचे बटण रॅमपुरतेच असते, हा समज तिथेच खोटा ठरला.

अनिमिष

ते प्रकरण मदरबोर्डांच्या स्वयंचलित व्होल्टेजचे होते, रॅमच्या प्रोफाइलचे नव्हे. बायोस अद्ययावत असेल तर तो धोका आज उरलेला नाही.

तळटीप

आपण सगळे काहीतरी जळेल का एवढ्याचाच विचार करत आहोत. माझ्या मते हा प्रश्नाचा कमी महत्त्वाचा अर्धा भाग आहे, कारण 1.35 व्होल्टने रॅम जळण्याची शक्यता फारच थोडी. खरे भय माहिती बिघडण्याचे आहे. रॅम वेगाच्या काठावर चालत असेल तर हजारो तासांत एखादाच बिट चुकीचा वाचला जातो. तो चालू प्रोग्रॅमच्या सूचनेत सापडला तर संगणक बंद पडतो आणि आपल्याला निदान कळते तरी. तोच बिट कॉपी होत असलेल्या छायाचित्रात किंवा हिशेबाच्या फायलीत सापडला, तर फाइल बिघडलेल्या रूपातच डिस्कवर जाते, तिथून बॅकअपमध्येही जाते, आणि कुठलाही इशारा मिळत नाही. डीडीआर5 मध्ये ईसीसी (चूक ओळखून दुरुस्त करणारी सोय) असते, असे यावर हमखास सांगितले जाते. पण ते चिपच्या आतले ईसीसी आहे. ते चिपमध्ये साठवलेल्या बिटांतली चूक दुरुस्त करते, चिप आणि प्रोसेसर यांच्यामधल्या प्रवासात झालेली नाही, आणि वाढीव वेगाचा ताण पडतो तो नेमका या प्रवासावर. मेमटेस्ट ही रॅमची चाचणी रात्रभर चालवून एकही त्रुटी आली नाही, म्हणून निश्चिंत होणेही पुरेसे नाही, कारण त्या चाचणीत ग्राफिक्स कार्डाची उष्णता रॅमवर येत नसते. खेळ किंवा रेंडरिंग चालू असताना पट्ट्या कितीतरी अधिक तापतात.

अनिमिष

हा मुद्दा या चर्चेतला सर्वांत भक्कम आहे. तरीही सदोष पट्टी 4800 वरसुद्धा चुका करते. मग चाचणी दोन्हीकडे सक्तीची करावी. प्रोफाइलवरच बहिष्कार का? रायझनवर 4800 आणि 6000 यांतला फरक अनेक खेळांत जाणवतो.

अर्धविराम

मोठ्या कॅशेच्या एक्सथ्रीडी प्रोसेसरांवर तो बराच कमी होतो, हेही सांगायला हवे. शिवाय दोन्हीकडची जोखीम सारखी नाही. 4800 वर चूक आली तर ती पट्टी सदोष ठरते आणि बदलून मागता येते. 6000 वर आली तर दोष रॅमचा, प्रोसेसरचा की मदरबोर्डचा, हे ग्राहकाने शोधत बसायचे.

काठावरचा

चार पट्ट्या लावणाऱ्यांनी काय करावे? माझ्याकडे प्रोफाइल चालू केल्यावर संगणक सुरूच होत नाही.

तळटीप

दोन वेगवेगळे संच एकत्र लावले असतील, तर त्या प्रोफाइलची हमी उत्पादकही देत नाही, कारण प्रत्येक संच स्वतंत्रपणे तपासलेला असतो. प्रोफाइल बंद करावे. क्षमता तेवढीच हवी असेल तर मोठ्या क्षमतेच्या दोनच पट्ट्या घ्याव्यात, आणि त्याही 6000 वर डळमळल्या तर तीच टायमिंग व व्होल्टेज ठेवून वेग 5600 वर आणून पुन्हा चाचणी घ्यावी.