गळाने मासेमारीची स्पर्धा भरवली, तर माशांचे भले होते का?

गोदाकाठ (प्रश्न):
नमस्कार. आम्ही नाशिकचे बारा-तेरा जण गेली काही वर्षे रविवारी पहाटे दारणेच्या पाण्यावर गळ घेऊन बसतो. अमेरिकेतील बास माशाच्या स्पर्धांविषयी वाचल्यापासून आमच्यापैकी काहींना इथेही एखादी छोटी स्पर्धा भरवावीशी वाटू लागली आहे. तिथले क्लब मासे पकडतात, वजन करतात, पुन्हा पाण्यात सोडतात आणि या साऱ्याला संवर्धन म्हणतात. माशाला गळ टोचायचा, काही तास टाकीत ठेवायचे आणि मग सोडायचे, यात माशाचे हित नेमके कुठे आले? आणि तिथले नियम आपल्या मरळ, रोहू, कटल्याला जसेच्या तसे लागू पडतील का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

इंदिरानगरकर:
आपली शंका रास्त आहे. ती तिथेही लोकांनी विचारली होती. अलाबामातील रे स्कॉट या विमा विक्रेत्याने १९६७ साली आर्कान्सा राज्यातील बीव्हर तलावावर मोठी स्पर्धा भरवली आणि पुढच्याच वर्षी ‘बास’ ही संघटना काढली. सुरुवातीच्या स्पर्धांतले मासे मरतच असत. मासा जिवंत सोडण्याची मोहीम १९७२ साली आली, आणि त्यासाठी होड्यांमध्ये पाणी खेळते ठेवणाऱ्या टाक्या बसल्या. मेलेला मासा वजनाला आणला की गुण कापण्याचा नियमही रूढ झाला. मला मात्र त्याआधीची एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. १९७० च्या सुमारास याच संघटनेने अलाबामातील नद्यांमध्ये घाण सोडणाऱ्या दोनशेहून अधिक कारखान्यांविरुद्ध आणि संस्थांविरुद्ध, १८९९ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन, न्यायालयात धाव घेतली होती. स्पर्धेमुळे माणसे एकत्र आली होती, म्हणून त्यांच्या तक्रारीला वजन आले. नाशिकमध्ये गोदावरीत दरवर्षी पानवेली माजते आणि तिच्याखाली पाण्यातला प्राणवायू घटतो, हे आपण सारे पाहतो. पण पाण्यावर रोज जाणाऱ्या लोकांनी संघटित होऊन त्याविषयी बोलल्याचे मी तरी फारसे ऐकलेले नाही.

मरळप्रेमी:
नियमांविषयी थोडे सांगतो. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. त्यामुळे एप्रिल-मेच्या दुपारी टाकीत ठेवलेला मासा सोडताना पोहत गेला तरी पुढे जगेलच असे नाही. आपल्याकडे टाकी आणि वजनकाटा हे दोन्ही टाळावेत. ओल्या पट्टीवर लांबी मोजावी, छायाचित्र घ्यावे आणि मासा जागच्या जागी सोडावा. अमेरिकेतही काही स्पर्धा आता मासा पकडल्याबरोबर मोजून लगेच सोडण्याच्या पद्धतीने होतात. हात ओले असावेत, कारण कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि माशाला रोग जडतो. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा.

दुसरी गोष्ट वेळेची आहे. बासचा नर घरट्याची राखण करतो आणि त्याला थोडा वेळ जरी उचलले, तरी इतर मासे अंडी फस्त करतात. आपली मरळही तशीच आहे: पावसाळ्यात तांबूस पिल्लांचा थवा पाण्यावर दिसतो आणि खाली आई-बाप राखणीला असतात. त्या थव्यावर गळ टाकला की मरळ चटकन लागते, हे सर्वांना ठाऊक आहे, आणि नेमके तेच बंद करायला हवे. स्पर्धा हिवाळ्यातच घ्यावी.

पंचवटी_१२:
वरील मजकुराशी सहमत आहे, पण मासा सोडणे हे सर्वत्र पुण्याचे काम नव्हे. हाच बास १९२५ साली जपानमध्ये नेला गेला आणि तिथल्या देशी माशांवर उठला. बिवा सरोवरात तो पकडल्यावर परत सोडण्यास २००३ पासून मनाई आहे. आपल्याकडे तिलापिया आणि आफ्रिकी मांगूर हे बाहेरून आलेले मासे गळाला लागले, तर ते परत सोडू नयेत. मांगूरच्या पालनावर तर २००० सालापासून देशात बंदी आहे.

पिल्ले सोडण्याच्या उत्साहालाही आवर घालावा लागतो. लोणावळ्याच्या केंद्रात वाढवलेले दख्खनी महसीर (नदीतला एक मोठा मासा) चांगल्या हेतूने कावेरीत सोडले गेले आणि तिथला मूळचा वशिंडवाला महसीर मागे पडत गेला. २०१८ साली त्याची नोंद अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. हे कळले कशावरून, तर गळवाल्यांच्या वह्यांवरून. कावेरीकाठच्या गालिबोर येथील गळवाल्यांच्या शिबिरातील १९९८ ते २०१२ या काळातील नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा वशिंडवाले मासे कमी होत चालले होते आणि जे मिळत होते ते आकाराने मोठे होत होते, म्हणजे नवी पिल्ले येतच नव्हती, असे दिसून आले. वर्षानुवर्षे पाण्यावर बसलेल्या माणसांशिवाय ही माहिती दुसरे कोण देऊ शकले असते? त्यामुळे स्पर्धा होवो वा न होवो, वही आजच सुरू करा.

आणखी एक: धरणातील मासेमारीचा ठेका अनेकदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांच्या पोटाचा प्रश्न आहे. त्यांना विचारल्याशिवाय आणि सोबत घेतल्याशिवाय पाण्यावर फलक लावू नयेत. नांदूर मध्यमेश्वर हे अभयारण्य आहे, तेव्हा त्याचा विचारही नको.

गोदाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. स्पर्धा तूर्त पुढे ढकलली आहे. कालच दोनशे पानी वही आणली. तारीख, ठिकाण, पाण्याचे तापमान, माशाची जात, लांबी आणि किती तास बसलो, असे रकाने आखले आहेत. एकही मासा लागला नाही तो दिवसही लिहायचा, असे आमचे ठरले आहे. संस्थेच्या अध्यक्षांना भेटायला बुधवारी तिघे जण जात आहोत.