खांदेरी 1679: मोठी जहाजं असून इंग्रजांना रसद का तोडता आली नाही?

कोरडवाहू:
नमस्कार मंडळी, मी सोलापूरकडचा, समुद्रातलं मला काही कळत नाही म्हणून विचारतोय. सुट्टीत मुलीला घेऊन अलिबागला गेलो होतो, थळच्या किनाऱ्यावरून समोर उंदेरी आणि तिच्या पलीकडे खांदेरी दिसत होती. तिला सांगितलं की 1679 मध्ये महाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला आणि मुंबईच्या इंग्रजांनी आरमार आणूनही त्यांना तो थांबवता आला नाही. तर ती म्हणाली, बाबा एवढं तर जवळ आहे, त्यांच्याकडे मोठी जहाजं होती ना, मग मधेच उभं राहून वाट अडवायची की! मला उत्तर देता आलं नाही. कोणी नीट समजावून सांगेल का?

पनवेलचा वाचक:
मुलीचा प्रश्न एकदम बरोबर आहे, इंग्रजांनी नेमकं तेच करायला बघितलं होतं. ऑगस्ट 1679 मध्ये महाराजांच्या आरमाराचे मायनाक भंडारी दीडशे माणसं आणि चार तोफा घेऊन बेटावर उतरले. इंग्रज म्हणाले हे बेट आमचं, आणि आधी काही लहान जहाजं पाठवली. सप्टेंबरमध्ये लेफ्टनंट थॉर्प बेटावर उतरायला गेला तो तिथेच मारला गेला. मग रिव्हेंज नावाची फ्रिगेट म्हणजे मोठं लढाऊ जहाज, दोन गुराबा म्हणजे डोलकाठ्यांची लढाऊ जहाजं, काही शिबाडं आणि मचवे अशा शिडाच्या होड्या, असं आरमार आलं, त्यावर कॅप्टन मिन्चिन आणि कॅप्टन केग्विन.
18 ऑक्टोबरला उजाडायच्या सुमाराला मराठा आरमाराचा सरदार दौलतखान याची गलबतं, म्हणजे हलकी, वल्ह्यांनीही चालणारी जहाजं, नागावच्या बाजूने अशी झपाट्याने आली की नांगर उचलायलाही इंग्रजांना धड वेळ मिळाला नाही. अर्ध्या तासात एक गुराब मराठ्यांच्या हाती लागली, बाकीची जहाजं पळाली, रिव्हेंज एकटी मागे राहिली. ती मात्र चिवट लढली आणि तिच्या तोफांपुढे आपली गलबतं नागोठण्याच्या खाडीत मागे गेली, हेही सांगायला पाहिजे. पण रसद? ती त्यानंतरही रात्री-अपरात्री बेटावर पोचतच राहिली. लढाईचा दिवस बाजूला ठेवा हो, खरी गोष्ट त्या रात्रींची आहे.

थळवाली:
दादा, मी थळचीच, आमचे आजोबा तांडेल होते, म्हणजे होडीचे प्रमुख. नकाशात जवळ दिसतं ते पाण्यात तसं नसतं. उंदेरीच्या आजूबाजूला पाण्याखाली खडक आहेत, भरतीला दिसत नाहीत, फक्त पाणी जरा वेगळं फिरतं आणि एक पांढरी रेघ उठते, ती ओळखता आली तर होडी बिनधास्त काढायची. मोठ्या जहाजाचं बूड खोल, ते तिथे शिरलं की रुतलं. गलबताचं बूड उथळ, ते खडकाच्या कडेकडेने निघून जातं. आणि ऑक्टोबरात रात्री जमिनीवरून मतलई सुटतो, दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो, मधल्या वेळात वारा पार पडतो, शीड नुसतं लोंबत राहतं. तेव्हा शिडाचं जहाज जागेवर खिळतं आणि वल्ह्याची होडी चालू लागते. आजोबा सांगायचे, वारा पडला की कान जास्त उघडे ठेवायचे, कारण वल्ही लांबून ऐकू येतात. काळोखात ऐकू आलं तरी पाठलाग कशाने करणार ते इंग्रज?

अभ्यासू_77:
थळवाली ताईंनी लाखमोलाचं सांगितलं. हेच गणित दुसरीकडेही दिसतं, म्हणजे इ.स.पूर्व 480 मध्ये सॅलमिसला ग्रीकांनी इराणचं प्रचंड आरमार अरुंद सामुद्रधुनीत ओढलं आणि तिथे त्या जहाजांची एकमेकांत गर्दी झाली. 1597 मध्ये कोरियाच्या यी सुन-सिनने म्योंगन्यांगच्या सामुद्रधुनीत फक्त 13 जहाजांनिशी जपान्यांची शंभरावर जहाजं अडवली, तिथला प्रवाह ठरावीक वेळाने उलटा फिरतो आणि ते त्याला पक्कं माहीत होतं. खांदेरीला सामुद्रधुनी नाही, पण घरचं पाणी कोणाचं हा प्रश्न तोच.

विजयदुर्गकर:
थोडा विरोध करतो, राग नसावा. घरचं पाणी असलं म्हणजे जिंकलंच असं नाही. फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गच्या खाडीत तुळाजी आंग्र्यांचं आरमार घरातच होतं, पण जहाजं एकमेकांना बांधून उभी केलेली. इंग्रजांकडून पूर्वी जिंकलेल्या रिस्टोरेशन जहाजावर तोफगोळा पडला, आग लागली आणि बघता बघता ती सगळ्या आरमारात पसरली. त्या दिवशी इंग्रज आरमाराचा प्रमुख वॉटसन याच्या बाजूने पेशवेही होते, हे लिहिताना आजही पोटात तुटतं. चपळ गलबत एका जागी बांधलं की त्याची ताकदच गेली.

कोरडवाहू:
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलीला ताईंची ती पांढरी रेघ वाचून दाखवली, आता पुढच्या वेळी तीच बघायची म्हणते. शेवटी खांदेरीचं काय झालं?

पनवेलचा वाचक:
जानेवारी 1680 मध्ये जंजिऱ्याच्या सिद्दी कासमने शेजारची उंदेरी घेऊन तिथून तोफा डागायला सुरुवात केली, खांदेरीवरूनही उत्तर जायचं. इंग्रजांनी मार्चमध्ये तह केला आणि बेट मराठ्यांकडेच राहिलं. लहान मुलं घेऊन जाणार असाल तर पावसाळा संपून समुद्र शांत झाल्यावर जा, आणि वर चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या तोफा आहेत त्या तिला नक्की दाखवा.