मदत हवी आहे: डीपी टेस्टमध्ये जादा लाल रंग निघत नाही

घाईतला_वेल्डर: वेल्डमधली क्रॅक शोधायला लाल रंग लावून करायची ती डीपी (डाय पेनिट्रंट) टेस्ट, सकाळपासून तोच जॉब चौथ्यांदा करतोय. डेव्हलपर (क्रॅकमधला रंग वर ओढणारा पांढरा थर) मारला की अख्खा वेल्ड गुलाबी. क्रॅक असली तरी दिसणार कशी? शेवटी क्लीनर थेट फवारून धुतलं, तर सगळं पांढरंशुभ्र, एकही खूण नाही. पास धरू का? उद्या जॉब द्यायचाय.

गेजवाला: पेनिट्रंट, म्हणजे तो क्रॅकमध्ये शिरणारा रंग, कुठला? पाण्याने धुवायचा की सॉल्व्हंटने पुसायचा? किती वेळ ठेवलात?

घाईतला_वेल्डर: कॅनमधला लाल, नेहमीचा.

गेजवाला: कॅनवर काय लिहिलंय ते वाचा की!

जुना_निरीक्षक: पास मुळीच धरू नका. थेट फवारल्यावर क्रॅकमधला रंगही धुऊन जातो, उथळ आणि रुंद असली तर नक्कीच. आधी धागे न सुटणाऱ्या कोरड्या फडक्याने निघेल तेवढं पुसा. मग दुसऱ्या फडक्यावर थोडासा क्लीनर घ्या. फडकं दमट हवं, निथळतं नको. दर फेरीला घडी बदला. फडक्यावर जेमतेम गुलाबी छटा उमटायला लागली की हात आवरा.

पाणीवाला: एवढी पुसापुशी कशाला? खडबडीत वेल्डला वॉटर वॉशेबलच बरं. पाणी मारलं की मोकळं.

जुना_निरीक्षक: पाणी जोरात मारलं तरी तेच होतं. एएसएमई सेक्शन ५ या तपासणीच्या कोडमध्ये पाण्याचा दाब ५० पीएसआय आणि तापमान ४३ अंश सेल्सिअस, याच्या वर जायची मुभा नाही.

निळा_दिवा: फ्लुरोसंट (यूव्ही दिव्याखाली चमकणारा) पेनिट्रंट घ्या, बारीकसारीक खूणही उठून दिसते.

गेजवाला: त्यांच्याकडे यूव्ही दिवा आहे असं कुठे म्हणालेत?

पाणीवाला: आमच्याकडे तर कॉटन वेस्टनेच पुसतात, काही बिघडत नाही.

जुना_निरीक्षक: बिघडतं. धागे वेल्डला अडकतात आणि त्यांनाच खूण समजून बसतो.

घाईतला_वेल्डर: कॅनवर सॉल्व्हंट रिमूव्हेबल आहे. वेल्डवर स्पॅटर (उडून चिकटलेले धातूचे थेंब) तसाच होता. प्लेट उन्हात तापलेली, हात ठेवता येत नव्हता. रंग वाळून चिकटला होता.

जुना_निरीक्षक: हे आधी सांगायचं! नेहमीची पद्धत ५ ते ५२ अंशांपर्यंतचीच. वाळलेला रंग पुसत बसू नका. स्पॅटर काढा, डेव्हलपरसकट सगळं साफ करा, प्लेट गार होऊ द्या आणि पहिल्यापासून घ्या. डेव्हलपर वाळल्यावर किमान १० मिनिटं थांबा.

घाईतला_वेल्डर: सावलीत घेतला. वेल्डच्या कडेला नखाएवढी लाल रेघ उमटली आणि बघता बघता जाड झाली. ग्राइंड करून परत लावतो. जॉब उद्या जात नाही.