इंजिन उघडण्याआधी प्लग काढून बघा

चढावर बाइकच्या इंजिनमधून टकटक आणि सिग्नलला गाडी बंद, ही दोन्ही लक्षणं एकत्र असतील तर लगेच इंजिन उघडू नका. आधी ऑइलची पातळी बघा. कमी असेल तर भरल्याशिवाय गाडी चालूच करू नका. मग इंजिन थंड असताना स्पार्क प्लग (इंजिनात ठिणगी पाडणारा भाग) काढा. टोक पांढरंफटक दिसलं तर बहुतेक पेट्रोल कमी आणि हवा जास्त जातेय. कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग) गाडी असेल तर कार्बोरेटर आणि इंजिनमधल्या रबराला चीर गेलीय का ते नीट बघा, तिथे फार कोणी बघत नाही. चोक ओढल्यावर, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल वाढवल्यावर, गाडी बंद न पडता टिकत असेल तर संशय आणखी बळावतो.

टकटक एक गिअर खाली टाकल्यावर थांबते का? मग बहुधा इंजिनमधलं बेअरिंग (फिरणाऱ्या भागाचा आधार) गेलेलं नाही. न्यूट्रलमध्येही जड ठकठक येत असेल, तर मात्र गाडी ढकलतच मेकॅनिककडे न्या.