मदत हवी आहे: एसटीपीतून (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून) गढूळ पाणी नदीत जातंय, फेसपण हटेना, अर्जंट सांगा

कृष्णाकाठचा:
सांगली जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपालिकेच्या एसटीपीवर ऑपरेटर आहे, गावाचं नाव नको. आठ दिवस झाले बाहेर पडणारं पाणी गढूळ आहे आणि टाकीवर फेस, ओढून काढला तरी तासाभरात परत तेवढाच. टाकीत हवा सोडणारे ब्लोअर चालू आहेत. क्लोरीन वाढवून बघितलं, फरक नाही. आमचा नाला पुढं कृष्णेला मिळतो आणि खालच्या अंगाला माझ्या बहिणीच्या गावाची पाणी उपसायची जॅकवेल आहे, झोप लागेना झालीय. लवकर सांगा.

मिरजकर:
प्लांट कसला, किती एमएलडी (दिवसाला किती दशलक्ष लिटर), फेसाचा रंग काय? एवढं तरी लिहा की, नुसतं दुखतंय म्हटल्यावर डॉक्टर तरी काय सांगणार.

कृष्णाकाठचा:
एसबीआर, म्हणजे एकाच टाकीत आधी हवा, मग गाळ बसवून वरचं पाणी सोडायचं, ३ एमएलडी. फेस तपकिरी, दाट, तुपकट.

शेतीवेडा:
गूळ, ताक, शेण कालवून आठवडाभर मुरवा आणि ओता. आमच्या सोसायटीच्या टाकीचा वास चार दिवसांत गेला, हमखास उपाय.

प्लांटवाले काका:
अजिबात ओतू नका. पांढरा फेस नव्या प्लांटला येतो, तिथं जिवाणू कमी असतात. तपकिरी तुपकट म्हणजे बहुतेक स्लज (टाकीतला जिवाणूंचा गाळ) जुना झालाय, त्यात गूळ घालून अजून काय वाढवायचं? एअरेशन (हवा सोडणं) चालू असताना एक लिटरच्या सिलिंडरमध्ये टाकीतलं पाणी भरा, अर्धा तास हात लावू नका, स्लज किती एमएलवर बसतो ते सांगा. आणि स्लज शेवटचा कधी काढला?

शेतीवेडा:
काका, मी दहा वर्षं हे करतोय, न बघताच नाही कसं म्हणता?

प्लांटवाले काका:
सोसायटीची सेप्टिक टँक वेगळी, एसबीआर वेगळा. तुमचा अनुभव खोटा म्हणत नाही, पण इथं तो लागू नाही.

वाईची लेक:
विषय निघालाच आहे तर, मी लग्न होऊन सांगलीत आले तेव्हापासून शहराचं सांडपाणी कृष्णेत नेणाऱ्या शेरीनाल्याचं ऐकतेय. ते पाणी उपसून धुळगावला शेतीला द्यायची योजना होती, तिचं सध्या काय चाललंय कुणाला माहितीय का? घाटावर गेलं की जीव तुटतो.

हरिपूरकर:
पाण्यात तुरटी फिरवा आणि वीस मिनिटं उकळून प्या.

मिरजकर:
हरिपूरकर, ते प्यायच्या पाण्याचं विचारत नाहीत हो. वाईची लेक, शेरीनाल्यावर वेगळा धागा काढा, मी लिहितो.

कृष्णाकाठचा:
टेस्ट केली. अर्ध्या तासानं ८८० वर, वर बोटभरच पाणी सुटलं. स्लज गणपतीच्या आधीपासून काढलेलाच नाही, पावसानं स्लज वाळवायचे वाळूचे ड्रायिंग बेड भरलेत, वाळतच नाहीत, मग टाकायचा कुठं? हे आधी सांगायचं सुचलं नाही.

प्लांटवाले काका:
मेख इथंच आहे. स्लज एवढा वर राहिला की वरचं निवळ पाणी बाहेर काढणारा डिकॅन्टर खाली उतरताना तोच ओढून घेतो. येणाऱ्या घाणीचा बीओडी (ती कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) लिटरला २००-२५० मिलिग्रॅम धरला तर तो ३० च्या आत आणायचं काम हेच जिवाणू करतात आणि तेच नदीत गेले की तिथला ऑक्सिजन खातात, मासळीला श्वास उरत नाही. क्लोरीन गढूळ पाण्यात वाया जातं, वाढवू नका. आता अर्धं टाकीतलं, अर्धं गाळून घेतलेलं बाहेरचं पाणी घेऊन परत टेस्ट करा. छान खाली बसला तर स्लज नुसता जास्त झालाय, तसाच वर राहिला तर तंतूवाले जिवाणू माजलेत, मग वेगळं बघू.

मिरजकर:
घाईनं सगळा उपसू नका बरं का, रोज दहा टक्क्यांच्या आत, नाहीतर जिवाणूच संपतील आणि पांढरा फेस सुरू. एका बेडवर ताडपत्री ताणा, वाळूवरची चिकट साय खरवडून काढा, पाणी झिरपायला लागेल.

कृष्णाकाठचा:
अर्धं-अर्धं केलं, ३४० वर बसला, वरचं पाणी निवळ.

प्लांटवाले काका:
मग जास्तच झालाय. लागा कामाला. तोवर सेटलिंगचा वेळ वाढवा आणि डिकॅन्टर कमी खाली सोडा.

कृष्णाकाठचा:
ताडपत्री आणली, दोघं मिळून एक बेड खरवडला, खालची वाळू दिसायला लागल्यावर पाणी सर्रकन उतरलं. संध्याकाळी पंप लावून पहिला स्लज सोडला. आज बाहेर पडलेलं पाणी बाटलीत भरून तारीख टाकून ठेवलंय, उद्याची बाटली शेजारी ठेवून बघतो.