धोतऱ्याच्या बियांचं शोधन: पोटली का करपते?

दोलायंत्र_पुणे: आयुर्वेदाच्या प्रॅक्टिकलला धोतऱ्याच्या बियांचं शोधन (विषारीपणा कमी करणं) आहे: पोटलीत बांधून गाईच्या उकळत्या दुधात एक प्रहर, म्हणजे तीन तास, शिजवायच्या आहेत. आधीच्या बॅचची पोटली करपली आणि मधल्या बिया कोरड्याच निघाल्या. शोधन झालं हे ओळखायचं कसं? माल पेठेतल्या काष्ठौषधीच्या दुकानातला आहे.

खलबत्ता: पोटली तळाला टेकली असणार. आडव्या काठीला बांधून तळापासून दोन-तीन बोटं वर टांगा. बिया फुगतात, म्हणून फडक्यात निम्मी जागा मोकळी ठेवा; घट्ट आवळलंत तर मधोमध दूध पोचत नाही. तीन तासांत दूध आटतं, पोटली उघडी पडायच्या आत गरम दूध घाला. गार ओतलं की उकळी मोडते. आच मंद ठेवा. मग गरम पाण्याने धुऊन, टरफलं काढून वाळवा.

उरलेलं दूध मात्र विषारी समजा. अल्कलॉइड (बियांतली विषारी द्रव्यं) उडून जात नाहीत, दुधात उतरतात. उघड्यावर ओतलंत तर कुत्री-मांजरं पितील.

टेकडीवरची_झाडं: त्याआधी माल तपासा. धोतऱ्याचं बी मूत्रपिंडाच्या आकाराचं, जाडसर, बारीक खळग्यांच्या पृष्ठाचं आणि चवीला कडू (चाखायचं नाही!). त्याच्यासारखंच दिसणारं मिरचीचं बी पातळ, गुळगुळीत, फिकट पिवळं. जातीची खात्री हवी तर बी पुरत नाही. फुलाफळासकट फांदी घेऊन आघारकर संस्थेत किंवा बोटॅनिकल सर्व्हेच्या पुण्यातल्या केंद्रात जा.

विषघ्न: रंगावरून शुद्धी कळत नाही. ड्रॅगेनडॉर्फ या चाचणी-द्रावणाने नारिंगी साका येतो, पण तो बहुतेक सगळ्याच अल्कलॉइडना येतो. व्हिटाली-मोरिन चाचणीत जांभळा रंग आला तर धोतऱ्यातल्यासारखं ट्रोपेन गटातलं अल्कलॉइड आहे एवढं कळतं. किती उरलं, हे एचपीएलसीच (घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) सांगेल, आणि तेही शोधनाआधीचा नमुना शेजारी असेल तरच. धोतऱ्यात अल्कलॉइडचं प्रमाण झाडागणिक बदलतं.

दोलायंत्र_पुणे: म्हणजे शुद्ध बी निर्धोक नाहीच?

विषघ्न: नाही. शोधनाने प्रमाण घटतं, रेणू तेच राहतात: हायोसायमिन, ॲट्रोपिन, स्कोपोलामिन. ते ॲसिटिलकोलिन या चेतासंदेशक द्रव्याचे मस्कारिनिक ग्राही (पेशींवरच्या संदेश घेणाऱ्या जागा) अडवतात, आणि श्वासनलिका सैलावते. दम्यावरच्या कनकासवात धोतरा आहे तो याचसाठी. पण हेच रेणू मेंदूत शिरतात. मग बाहुल्या विस्फारतात, तोंड कोरडं, अंग तापलेलं, लघवी अडते, आणि माणूस हवेतले दोरे वेचायला लागतो. इप्रॅट्रोपियम या श्वासावाटे घ्यायच्या औषधात ॲट्रोपिनच्या नायट्रोजनला आणखी एक गट जोडलाय. त्याने कायमचा धनभार येतो, म्हणून ते मेंदूत जवळजवळ पोचत नाही. दुधात कितीही उकळा, हा बदल होत नाही. शेड्यूल ई-१ मध्ये, म्हणजे औषध नियमांतल्या विषारी द्रव्यांच्या यादीत, धोतरा आहे तो उगाच नाही.

खलबत्ता: महाशिवरात्रीला मंडईतून आणलेली धोतऱ्याची फळं पूजेनंतर मुलांच्या हाती लागतात, तेही लक्षात असू द्या. बी पोटात गेलंच तर उलटी काढत बसू नका. १०८ ला फोन करा, फळ बरोबर न्या.