नेट चालू, पण कन्सोल साइन-इन होत नाही, दोष कोणाचा?

कपाशीवाला:
राजेहो, पीएस५ (सोनीचा प्लेस्टेशन ५ गेम कन्सोल) वर विकत घेतलेल्या गेमलाही कुलूप दिसते. मोबाइलवर त्याच वायफायनं व्हिडिओ मस्त चालते. राऊटरचं लफडं आहे का सर्व्हरवर हल्ला?

रात्रपाळी:
भाऊ, सेटिंग्ज, नेटवर्क, मग इंटरनेट कनेक्शन टेस्ट करा. आयपी पत्ता अन् इंटरनेट पास, फक्त पीएसएन (सोनीचं ऑनलाइन गेम नेटवर्क) साइन-इन फेल, तर दोष बहुतेक तिकडचा. पीएसएनचं स्टेटस पान (सेवा चालू का बंद ते दाखवते) मोबाइल डेटावर उघडून पाहा. राऊटरचं रीसेट बटण मात्र दाबू नका. पीपीपीओईचा, म्हणजे राऊटरनं नेट जोडायचा, पासवर्ड पुसला का केबलवाला येईस्तोवर बसा बोंबलत!
कुलूप टाळायला युजर्स अँड अकाउंट्स, अदर, तिथं 'कन्सोल शेअरिंग अँड ऑफलाइन प्ले' चालू ठेवा. हे सर्व्हर सुरू असतानाच होते.

संत्राबाग:
सर्व्हरवरचा डीडॉस हल्ला म्हणजे खोट्या विनंत्यांची गर्दी. नुसत्या तेवढ्यानं खात्यातलं काही जात नाही. २०१४ च्या नाताळात पीएसएन अन् एक्सबॉक्स लाइव्ह (मायक्रोसॉफ्टची तशीच सेवा) तसेच पडले. पीएसएनची २०११ ची गोष्ट निराळी, ती घुसखोरी होती: सुमारे ७ कोटी ७० लाख खाती, तीन आठवड्यांवर सेवा बंद. तसं झालं तर पासवर्ड बदला, तोच दुसरीकडं वापरला असन तर तिथलाही.

कपाशीवाला:
तिसरीच ओळ फेल आहे. राऊटरला हात नाही लावत.